तीन प्रतींत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात सदर बाजार, रायपूर येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काय बोलावे याचे संकेत ठरलेले आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांबरोबर मराठी माणूस छत्तीसगडात कसा आला, बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार कसा केला, पुढे रायपुरात आपली घरे कशी वसली, हे सारे आपण जाणकारांच्या तोंडून ऐकले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आज आम्ही एका बिघडलेल्या यंत्राविषयी बोलणार आहोत. उत्सवाच्या दिवशी हा विषय काहींना विजोड वाटेल. परंतु ज्या स्मरणिकेची आपण सारे वाट पाहत आहात, ती या यंत्रामुळे निघेनाशी झाली होती. दोष यंत्राचा थोडा आणि आमचा फार. तेव्हा हे भाषण म्हणजे एका परीने आमचा कबुलीजबाबच समजावा.

स्मरणिका समितीने जुन्या वस्तूंची प्रतिरूपे जमविण्याचे काम आमच्याकडे सोपविले होते. दोन वर्षे आम्ही घरोघर हिंडलो. कोणी ट्रंकेच्या तळातून गणेशोत्सवाची छायाचित्रे काढून दिली, कोणी हस्तलिखित अंकाची पाने दिली, कोणी नाट्यप्रयोगाची तिकिटे दिली. आम्ही त्यांची स्कॅनरवर प्रतिरूपे काढली आणि मूळ वस्तू ज्यांच्या त्यांना परत केल्या. वृद्ध सभासदांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. हा सर्व ऐवज एका बाह्य हार्ड डिस्कमध्ये साठत गेला. खिशात मावेल एवढी ती काळी पेटी, आणि तीत मंडळाची पन्नास वर्षे.

त्या ऐवजात एक मुद्रण विशेष मोलाचे होते. ज्यांना आपण सारे मावशी म्हणत असू, त्यांचे एक्केचाळीस मिनिटांचे बोलणे. मावशी अमरावतीहून लग्न होऊन रायपुरास आल्या त्या कायमच्या. त्यांच्या वऱ्हाडी मराठीत 'नोनी' आणि 'चाउर' हे शब्द इतके सहज मिसळून गेले होते, की ते छत्तीसगडी आहेत याचे भान त्यांना नव्हते आणि ऐकणारालाही राहत नसे. मंडळाचे पहिले हळदीकुंकू कोणाच्या माडीवर झाले, दिवा गेल्यावर कंदिलाच्या उजेडात भजन कसे चालू राहिले, ते सारे त्यांनी सांगितले होते. मुद्रणानंतर चार महिन्यांनी मावशी गेल्या.

आता आमचा अपराध सांगतो. केंद्र सरकारच्या नोकरीत आमची तीस वर्षांहून अधिक गेली. या काळात 'तीन प्रतींत सादर करावे' हा शेरा आम्ही किती अर्जांवर मारला असेल याची गणती नाही. एकच प्रत आणणाऱ्या माणसाला आम्ही पुन्हा रांगेत उभे केले आहे. कार्बन कागद गेला, झेरॉक्स आले, संगणक आला, पण शेरा कायम राहिला. आणि त्याच आम्ही मंडळाचा सगळा ऐवज एका पेटीत, एकाच प्रतीत, घरातल्या एका कपाटात ठेवला होता. दुसरी प्रत करायची होती. ती पुढच्या रविवारी करायची असे ठरत असे, आणि तो रविवार दोन वर्षे आला नाही.

एके संध्याकाळी आम्ही पेटी संगणकाला जोडली. एरवी पाच-सात सेकंदांत उघडणारी सूची मिनिटभर उघडेना. आत एक यादी दिसली, छायाचित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी. कान लावला तर थांबून थांबून काहीतरी कुरकुरल्यासारखा आवाज. त्या क्षणी शहाण्या माणसाने पेटी बंद केली असती. आम्ही ती काढून पुन्हा लावली, एकदा नव्हे, चार वेळा. मग पडद्यावर प्रश्न आला की डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्ती करू का? आम्ही 'होय' म्हटले. दुरुस्ती नऊ टक्क्यांवर गेली आणि तेथेच अडून बसली. हे 'होय' आम्हांला किती महाग पडले ते पुढे सांगतो.

येथे त्या पेटीच्या आत काय असते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. आत चुंबकीय लेप दिलेल्या एक-दोन गुळगुळीत तबकड्या असतात. आपल्या घरच्या लहान पेटीत त्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे तबकडीची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्यावर वाचनाचा सूक्ष्म शिरोभाग हवेच्या पापुद्र्यावर तरंगतो, आणि दोहोंतील अंतर अवघे काही नॅनोमीटर असते. माणसाचा केस पन्नास हजार नॅनोमीटरांहून जाड असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे एखादा धुळीचा कणसुद्धा त्या ठिकाणी डोंगर का ठरतो हे कळेल. १९५६ मध्ये आय.बी.एम. कंपनीने अशी पहिली डिस्क विक्रीस आणली, तेव्हा दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या पेटीत त्याच्या लक्षावधी पट मावते. सोय झाली खरी, पण एका धक्क्यात हरवू शकणाऱ्या गोष्टींचा ढीगही तितकाच मोठा झाला.

तबकडीवरील मजकूर लहान लहान कप्प्यांत असतो. त्यांना सेक्टर म्हणतात. पेटी म्हातारी होऊ लागली की काही सेक्टर नीट वाचता येत नाहीत. यंत्र मोठे चिवट असते. ते तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचू पाहते, आणि त्या धडपडीत आधीच थकलेला शिरोभाग अधिक थकतो. पेटी मंद होते ती त्यामुळे. म्हणजे आम्ही चार वेळा जोडणी केली, तेव्हा मरणासन्न माणसाला चार वेळा जिना चढायला लावले होते. आणि 'दुरुस्ती' हा शब्द तर फार फसवा. ती दुरुस्ती यंत्राची नसते. कोणती फाईल कोठे आहे याच्या नोंदवहीत खाडाखोड करून ती वही सुसंगत दिसेल अशी करणे, एवढाच तिचा अर्थ. धड डिस्कवर तिचा उपयोग होतो. आजारी डिस्कवर ती खऱ्या नोंदी पुसून टाकू शकते.

शेजारच्या घरातील एक तरुण संगणकाचे काम करतो. त्याला बोलावले. त्याने पेटीला हात लावण्याआधी केबल काढली आणि म्हणाला, "काका, आता आपण हिच्यातले काही बघायचे नाही."

आम्ही म्हणालो, "अरे, निदान मावशींचे बोलणे तेवढे आधी काढून घे. बाकीचे मग पाहू."

तो म्हणाला, "तेच करायचे नाही, काका. एक एक फाईल उघडत बसलो तर ती मध्येच मरेल. आधी सगळे जसेच्या तसे उचलायचे. चांगले, वाईट, तुटके, सगळे. निवडायचे ते मागाहून, दुसऱ्या डिस्कवर."

त्याचे म्हणणे आम्हांला बुद्धीने पटले, पण मनाने पटले दुसऱ्या दिवशी पहाटे. आपला सदर बाजार सराफांचा. पहाटे दुकाने उघडण्यापूर्वी येथे काही माणसे ब्रश आणि सूप घेऊन येतात, पायऱ्यांच्या सांदी आणि गटारांचे काठ झाडतात. आपण मराठीत त्यांना झारेकरी म्हणतो. सोनाराच्या हातून उडालेले सोन्याचे कण त्या धुळीत असतात. गॅलरीतून आम्ही त्यांना वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत, पण त्या पहाटे प्रथमच नीट पाहिले. त्यांच्यापैकी कोणी जागेवर बसून कण निवडीत नव्हता. सगळी धूळ, केरकचऱ्यासकट, पोत्यात भरायची आणि घरी न्यायची. धुणे, जाळणे, गाळणे ते सारे तेथे, निवांतपणे. जागेवर निवडायला बसले तर वाऱ्याच्या एका झुळुकेने आणि पहिल्या गिऱ्हाइकाच्या पावलाने सोने जायचे. तो तरुण म्हणत होता ते हेच.

त्याने दुसरी, अधिक मोठी अशी नवी डिस्क आणविली. मग जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचे सॉफ्टवेअर चालविले. ते लिनक्सवर चालते आणि विनामूल्य मिळते. अंतोनियो दियाझ दियाझ या प्रोग्रामरने ते २००४ पासून वाढवीत आणले आहे. त्याची रीत झारेकऱ्याहूनही शहाणी. पहिल्या फेरीत जे सहज वाचता येते ते भराभर उचलायचे, जेथे अडते तेथे हट्ट न करता पुढे उडी मारायची, आणि काय राहिले याचा नकाशा एका फाईलीत लिहून ठेवायचा. दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागांच्या कडा कुरतडायच्या, कधी उलट दिशेनेही वाचायचे. अगदी अखेरीस, गमावण्यासारखे काही उरले नाही म्हणजे, अडेलतट्टू सेक्टरांशी झोंबी घ्यायची. नकाशा असल्यामुळे मध्ये थांबता येते आणि पेटीला विसावा देऊन तेथूनच पुढे जाता येते. निरोगी पेटीची जी नक्कल चार-पाच तासांत झाली असती, तिला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत घरातला पंखासुद्धा आम्ही दबकत लावीत होतो.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी पेटी आहे, म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो. पेटी मुळीच ओळखली जात नसेल तर प्रथम केबल आणि जोडणीचे छिद्र बदलून पाहावे, कारण कित्येकदा दोष तेवढाच असतो. मंद झाली असेल तर तीवर काही लिहू नये, दुरुस्ती चालवू नये, फॉरमॅट करू का असे संगणकाने विचारल्यास 'नाही' म्हणावे आणि जाणकाराकडून आधी संपूर्ण नक्कल करवून घ्यावी. पेटी एका तालात टकटक आवाज करीत असेल, किंवा पडल्यानंतर बोलेनाशी झाली असेल, तर घरगुती उपायांची वेळ गेली असे समजावे. तशा वेळी शिरोभाग मोडलेला असू शकतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक तबकडी खरवडली जात असते. तिची वीज तोडावी आणि ती प्रयोगशाळेतच पाठवावी. धूळविरहित खोलीखेरीज ती उघडू नये. पेटी शीतकपाटात ठेवून चालू होते असे सांगणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये, कारण बाहेर काढताच आत दव धरते. काही बाह्य डिस्कमध्ये जोडणीची पट्टीच मजकूर सांकेतिक रूपात लिहीत असते, तेथे नुसती आतली डिस्क काढून दुसरीकडे जोडल्याने काही हाती लागत नाही.

प्रयोगशाळा काय करू शकते याचे एक उदाहरण विसरण्यासारखे नाही. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान पृथ्वीवर परतताना विदीर्ण झाले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. अवशेषांत, टेक्सासमधील एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात, ४०० मेगाबाइटची एक जळकी हार्ड डिस्क काही महिन्यांनी सापडली. तीत झेनॉन वायूवरील एका प्रयोगाची निरीक्षणे होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून नव्या सांगाड्यात बसविल्या आणि सुमारे ९९ टक्के मजकूर परत मिळविला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यात कौशल्य होते तसे नशीबही होते. त्या संगणकाची जुनी प्रणाली मजकूर विखरून न ठेवता सलग लिहीत असे, आणि तबकडीचा जो भाग खरवडला गेला होता तेथे काही लिहिलेलेच नव्हते. आकाशातून पडलेल्या डिस्कला लाभलेले हे नशीब कपाटातल्या डिस्कला लाभेलच असे नाही.

आमच्या पेटीचे काय झाले ते आता सांगतो. एक टेराबाइटच्या त्या डिस्कमधून अडतीस मेगाबाइट सोडून सर्व काही परत आले. शेकड्यात मोजले तर ही हानी नगण्य, कोणत्याही अहवालात 'शून्य' म्हणून लिहावी इतकी. छायाचित्रे जवळजवळ सर्व आली. नोंदवहीत आमच्या त्या 'दुरुस्ती'ने घोळ केल्यामुळे कित्येक फाईलींची नावे पुसली गेली होती, म्हणून अकराशे छायाचित्रांना पुन्हा नावे देत आम्ही दीड महिना बसलो. ती शिक्षा योग्यच होती. परंतु त्या अडतीस मेगाबाइटांतील काही भाग मावशींच्या बोलण्यावर पडला होता. एक्केचाळीस मिनिटांपैकी सहा मिनिटे गेली. मावशी म्हणतात, "आम्ही सात जणी होतो गं, सांगते नावं..." आणि पुढे खरखर. खरखर थांबते तेव्हा मावशी कंदिलाविषयी बोलत असतात.

ज्या सात जणींनी मंडळाचे महिला भजन सुरू केले, त्यांची नावे इतरत्र कोठेही लिहिलेली नाहीत. आम्ही ते ऐकले होते, पण हसून मान डोलावली होती, कागदावर उतरविले नव्हते. यंत्र लिहीत आहे म्हणून आम्ही लिहिले नाही, आणि यंत्राने नेमके तेच टाकले.

मग आम्ही जुन्या सभासद भगिनींना एका दुपारी बोलावले आणि मुद्रण ऐकविले. मावशींचा आवाज ऐकून प्रथम डोळे भरले, मग बोलणे सुरू झाले. एकीला आपल्या सासूबाईंचे नाव त्यांत असल्याचे ठाऊक होते. दुसरीने दोघी जावांची नावे सांगितली. भिलाईहून आलेल्या एका ताईंनी दूरध्वनीवरून नागपूरच्या आपल्या आत्याला विचारून आणखी एक मिळविले. पाचवे नाव अर्थात मावशींचेच. पाच जणी सापडल्या. दोघी अजून सापडल्या नाहीत.

त्या दुपारी आम्हांला देहूची कथा आठवली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली आणि तेराव्या दिवशी ती कोरडी वर आली, असे परंपरा सांगते. भाविकाला तो चमत्कार पुरेसा आहे. कित्येक विचारवंत असेही म्हणतात की वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांना पाठ होते, संताजी जगनाड्यांसारख्यांनी ते लिहून घेतलेले होते, म्हणून गाथा तरली. आणि पैठणला एकनाथ महाराजांनी काय केले? ज्ञानेश्वरी होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती, नकलांमागून नकलांत चुका शिरल्या होत्या. नाथांनी अनेक पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. अनेक प्रती होत्या म्हणून ताडून पाहता आले. एकच प्रत असती तर नाथांसारख्या अधिकारी पुरुषालाही काही करता आले नसते.

आपल्या शहरातलेच उदाहरण घ्यायचे तर माधवराव सप्रे यांचे घ्यावे. घरची भाषा मराठी, आणि सेवा केली हिंदीची. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. पण अंक छापले गेले, गावोगाव गेले, म्हणून त्यात १९०१ साली आलेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा आजही वाचली जाते. अल्पायुषी मासिक शतकभर टिकले ते वाटले गेल्यामुळे.

तेव्हा आमची मंडळाला विनंती आहे ती तीन प्रतींची. छायाचित्रकारांत आणि संगणकवाल्यांत आज तोच नियम सांगितला जातो. तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि निदान एक दुसऱ्या ठिकाणी असावी. आमच्या कचेरीला हे फार पूर्वीपासून माहीत होते, आम्हीच ते घरी आणले नाही. एक प्रत मंडळाच्या कपाटात राहील. दुसरी दुर्ग-भिलाईच्या सभासदांकडे राहील, म्हणजे रायपुरात आग लागो वा पाणी शिरो, ती सुरक्षित. तिसरी इंटरनेटवरील साठ्यात ठेवावी, आणि तिचा परवलीचा शब्द एकट्या चिटणीसाच्या डोक्यात न राहता लखोट्यात बंद असावा. पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नये, वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील विद्युत्भार ओसरू शकतो. नुसत्या प्रती करूनही भागत नाही, त्या उघडतात की नाही हे पाहावे लागते. त्यासाठी आम्ही खंडेनवमीचा दिवस सुचवितो. त्या दिवशी आपण शस्त्रांची, हत्यारांची, यंत्रांची पूजा करतोच. हळदकुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक पेटी जोडून चार फाईली उघडून पाहाव्यात, आणि पाच-सहा वर्षांची झालेली पेटी बदलावी.

आणि चौथी एक प्रत मागतो, ती आपल्या मुखातली. घरातील आजी-आजोबा बोलतात तेव्हा नुसते मुद्रण करून निश्चिंत होऊ नका. नावे लिहून घ्या, मुलांना ऐकवा, पुन्हा सांगायला लावा. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची गावे, वाडे, जुने शेजार मागे राहिले. बरोबर आली ती एवढी बोलणीच.

स्मरणिकेत मावशींच्या आठवणींचे पान छापले जाईल. त्यावर सात ओळी असतील. पाचांवर नावे असतील, दोन कोऱ्या सोडल्या आहेत. अंक घरी गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना ते पान दाखवावे. कोणाच्या आठवणीत त्या दोघी असतील तर कृपा करून मंडळास कळवावे, आणि कळविताना, आमची सवय म्हणून क्षमा असावी, तीन प्रतींत कळवावे.